पोरीच्या तोंडी निरोप

१९९४ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर माझं वय कमी आहे, कारण तेव्हाच्या मास्तरनं माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मनाला येईल ते लिहिलं. बाजारात जनावराचे दात तरी बघतात. त्या शाळेत मी दुसरीपर्यंत होतो, तेही सलग नाही. दिवाळी झाली की आमची मेंढरं कोकणाकडं निघायची आणि मेंढरांबरोबर मी. त्यामुळं लिहायला मला वेळ लागतो. तरी हे मी स्वतःच्या हातानं लिहितोय, कारण नात आता दोन लेकरांची आई झाली तरी गावात कुणी ना कुणी म्हणतंच, "आबांच्या लाडानं पोरगी शाळेत बसत नव्हती." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लाड म्हणे. लाड करायचे तर घरात कुणीतरी कुणाशी तोंड उघडून बोलावं लागतं.

त्याचं मूळ त्याच्या आदल्या, त्र्याण्णवच्या दिवाळीत आहे.

दिवाळीच्या तोंडावर मी बावड्याला लेकीकडं गेलो होतो. तिच्या सासऱ्याला बरं नव्हतं, म्हणून राहिलो. एसटीनं परत आलो, पिंपळीच्या अलीकडं फाट्यावर उतरलो आणि कालव्याच्या कडेनं चालत वस्तीकडं निघालो. लांबूनच कायतरी चुकल्यासारखं वाटलं. कुत्रं भुंकलं, पण त्याच्या मागून एक मेंढरू ओरडलं नाही. जवळ जाऊन बघतो तर मेंढरं कोंडायची जाळी, आमच्यात तिला वाघर म्हणतात, गुंडाळून लिंबाच्या फांदीला टांगलेली. खालची जमीन झाडून लख्ख केलेली, जसं काही तिथं कधी काही बसलंच नाही. शेळी तेवढी दुधाला ठेवली होती. ती माझ्याकडं बघत रवंथ करत होती.

पोरगा पडवीत बसला होता. मी पायातलं काढायच्या आधी विचारलं, "कळप कुठं हाय?"

"इकला."

"कुणाला इचारून?"

"आता चारायला रान कुठं ऱ्हायलंय, आबा? कालव्याच्या दोनी अंगाला ऊसच ऊस. रोज कुनाच्या तरी बांधावर शिव्या खायच्या. आन् जूनला पोरगी पैलीला बसायची. मेंढरांमागं घर हिंडत ऱ्हायलं, तर ती बी तुमच्यावानी अर्धीमुर्धी शिकायची."

अर्धीमुर्धी. बापाला, बापाच्या दारात, पोटच्या पोरानं. त्यावर मी काही बोललो नाही, आणि त्या दिवसापासून त्याच्याशीच बोललो नाही.

लोकांना वाटतं मेंढरं विकली म्हणून म्हातारा रुसला. तसं नाही. रान संपलंय हे मला त्याच्या आधी दिसत होतं, चारायला मी जात होतो, तो नाही. त्यानं विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, वीक. चार दिवस शिव्या घातल्या असत्या, आणि पाचव्या दिवशी व्यापाऱ्यापुढं उभं राहून सांगितलं असतं की ही जुळं देते, तो मेंढा उजव्या अंगानं धरू देत नाही, आणि ती काळ्या कानाची आहे ना, ती पुढं चालली की बाकीची आपोआप मागं येतात, तिला कधी बांधू नको. हे कुणी सांगितलं असेल त्याला? पोराला त्यातलं काय माहीत होतं? तो हंगामात ट्रॅक्टरवर ऊस घेऊन सोमेश्वरनगरच्या कारखान्यावर जाणारा, बाकीच्या दिवसांत लोकांची नांगरट करणारा. त्याला कळप म्हणजे नुसती लोकर आणि लेंड्या.

आता आमच्या घरातली बोलायची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात सून सासऱ्याशी समोरून बोलत नाही. डोक्यावर पदर, तोंड चुलीकडं आणि बोलणं लेकराच्या तोंडून. "बाय, आबास्नी इचार, आजून भाकरी वाढू का?" मी चुलीसमोरच बसलेला, मला स्वच्छ ऐकू आलेलं, तरी पोरगी माझ्याकडं वळून विचारणार आणि मी पोरीला सांगणार, आईला सांग, अर्धी वाढ. यात मला अजूनही काही वावगं दिसत नाही. माझ्या आईनं माझ्या आज्याशी असंच बोलून जन्म काढला. आमची म्हातारी होती तोवर निम्मे निरोप तिच्या तोंडून जायचे. ती गेली आणि सगळं नातीवर आलं. त्यात आता माझा आणि पोराचा अबोला. म्हणजे घरात मोठी माणसं तीन आणि तोंड एकच, तेही पाच वर्षांच्या पोरीचं.

"बाय, आबास्नी सांग, वरच्या वावरात पानी सोडलंय, बांध फुटलाय का बघा."

"बाय, तुझ्या बापाला सांग, बांध मी सकाळीच घातलाय. त्यानं डोळं उघडून बघावं जरा."

पोरगी दोन पावलं जायची. "अण्णा, आबा म्हनत्यात, बांध घातलाय."

डोळ्यांचं ती गाळायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्याकडून जायचं ते काट्याकुट्यांसकट, आणि तिच्या तोंडून निघायचं ते निवडून-पाखडून. तिच्या बापाचंही तसंच. तो म्हणायचा, "म्हाताऱ्याला म्हनावं, गिळून घे," आणि ती येऊन म्हणायची, "आबा, जेवून घ्या." आम्ही दोघं हाताच्या अंतरावर, एकमेकांचं सगळं ऐकलेलं, तरी तिच्या तोंडून आलं तेच धरायचं असा जणू करार होता.

पोरगा पहाटे ट्रॅक्टरवर जायचा. तेव्हा मी वावराला पाणी द्यायला, पाण्यावर गेलेलो असायचो. तो जाताना तिला हलवून जागी करायचा आणि माझ्यासाठी काय ते सांगून जायचा. ते ती मला दुपारी जेवताना द्यायची. माझं काय असेल ते त्याला संध्याकाळी. डोळे चोळत, अंथरुणात बसून ऐकायची आणि सगळं ध्यानात ठेवायची. एकदाही विसरली नाही. मला तर अभिमान वाटायचा तिचा.

जूनमध्ये शाळा उघडली. नवा फ्रॉक, लाल रिबिनी, पाटी, खाकी दप्तर. पहिल्या दिवशी मीच तिला कालव्यावरचा पूल ओलांडून शाळेत सोडून आलो. कडेवर घेतली नाही, नुसता हात धरला. रडली नाही. वाटलं, आपली नात आहे, खमकी आहे.

मधल्या सुट्टीत घरी हजर. धापा टाकत. मी ताटावर बसलो होतो. "आबा, अण्णा म्हनत्यात, फ्यूज गेलाय, मोटर चालू करू नका." एवढं बोलली आणि भिंतीला टेकून बसली. परत शाळेत जा म्हटलं तर चुलीमागं लपली.

दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच तेच. बाईंनी हजेरीत नाव घेतलं तर 'हजर' म्हणायची नाही. पाटीवर रेघ ओढायची नाही. बाकीची पोरं गाणं म्हणायला लागली की हिचं तोंड हलायचं, पण गाणं नाही, भलतंच काहीतरी पुटपुटणं. मधली सुट्टी झाली की ही दप्तर तिथंच टाकून घराकडं पळत सुटायची. सुनेनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. शेजारणीनं सांगितलं, पूल ओलांडताना घाबरली असंल. आणि पोरानं ठरवूनच टाकलं की हे सगळं माझं काम.

संध्याकाळी त्यानं तिला समोर उभं केलं. मी पडवीत दोरी वळत होतो.

"बाय, आबास्नी सांग, मेंढरांचा राग पोरीच्या शाळंवर काडू नका. तिच्या कानात काय भरवताय ते मला कळतंय. तुमी न्हाय शिकलात, म्हनून तिनं बी शिकायचं न्हाय का?"

पोरगी माझ्याकडं आली. "आबा, अण्णा म्हनत्यात..." आणि थांबली. तोंड उघडं, आणि शब्द नाही. त्यातलं बोचणारं सगळं काढून टाकल्यावर सांगायला काही उरतच नव्हतं. ती तशीच उभी राहिली, आणि मी दोरी खाली टाकून ओरडलो, "तुझ्या बापाला सांग, म्हनावं, मी तिला रोज हातानं सोडून येतो शाळंत. आन् काल तू तिला छडी मारलीस ती मी बघितलीय. परत लेकराला हात लावलास, तर हात मोडून गळ्यात बांधीन!"

ती वळली. बापाकडं गेली. खाली बघत म्हणाली, "अण्णा, आबा म्हनत्यात, मला मारू नका."

त्या वेळी मला काय वाटलं ते लिहीत नाही. पोरगा उठून बाहेर गेला. आत चुलीपुढं सुनेच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

मग शाळेतून बोलावणं आलं. बाईंचा निरोप पोरीच्याच हाती: घरच्यांना पाठव. पोरगा नांगरटीला लांब गेलेला. मी पटका बांधला, काठी घेतली आणि गेलो. मनात एकच होतं, की बाईंनीही हात उचलला असेल, त्याशिवाय लेकरू असं गप होत नाही. आज जाऊन सोक्षमोक्ष लावायचा.

बाई बारामतीहून एसटीनं यायच्या. वयानं लहान, माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. व्हरांड्यात आल्या. मी काठी आपटली.

"माझ्या नातीला कुनी मारलं हितं?"

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला बोलता येतं?"

"म्हंजी?"

"नाही, म्हणजे... वर्गातली मुलं म्हणत होती की हिच्या घरातली मोठी माणसं मुकी आहेत. मी हिला विचारलं, तर म्हणाली, 'व्हय. मी सांगते तवाच त्यांना कळतं.'"

माझ्या आवाजानं कोकणातल्या घाटात पलीकडच्या डोंगरावरचा कुत्रा मागं फिरायचा. आणि ही बाई मला विचारते, बोलता येतं का.

"मला कुनी मुका म्हनंल तर..." मी सुरू केलं.

"आजोबा, ओरडू नका, वर्ग चालू आहे. या इकडं. खिडकीशी उभे राहा आणि नुसतं ऐका."

मला असं कुणी गप केलेलं खपत नाही. पण गेलो. पोरगी खिडकीखालीच बस्करावर बसली होती, पाठ माझ्याकडं. पुढं पाटी, पाटी कोरी. सगळी पोरं मोठ्यानं अ आ इ ई ओरडत होती. ही पुटपुटत होती. मी कान लावला.

"आबास्नी सांग, खालच्या दंडाला पानी धरू नका. अण्णास्नी सांग, कासरा खुटीला हाय. आबास्नी सांग, आईनं औषिद उशाला ठेवलंय. आबास्नी सांग, खालच्या दंडाला पानी धरू नका. अण्णास्नी सांग, कासरा..."

संपलं की परत पहिल्यापासून. मध्ये श्वासही घेत नव्हती. शेजारच्या पोरीनं तिला कोपरानं ढोसलं, तसं तिनं दोन्ही हातांनी स्वतःचे कान झाकून घेतले आणि परत सुरू केलं.

बाई माझ्या शेजारी हळू आवाजात बोलत होत्या. "मी तिच्याजवळ बसून म्हटलं, 'क' म्हण बाळा. तर म्हणते, 'थांबा बाई, इसरंल.' तिच्या डोक्यात दुसरं काही घालायला जागाच नाही, आजोबा. आणि सुट्टीत ती पळते, ते शाळेला कंटाळून नाही. तिला वाटतं, ती नसली तर घरात कुणाला काही कळणारच नाही. हे असंच राहिलं तर दिवाळीनंतर तिला बालवाडीत बसवावी लागेल. घरात काय आहे ते मला नाही माहीत. पण तेवढं..."

"घरात काय न्हाय," मी म्हटलं आणि निघालो.

बाईंचा मला राग आला होता. शहाणपणा शिकवतात म्हणून नाही, त्यांनी ते खिडकीतून दाखवलं म्हणून. माझ्या घरातलं भांडण साठ पोरांच्या मधोमध बसून माझी नात पाठ करत होती.

पुलाजवळच्या पारावर एक जण नेहमी बसलेला असायचा, जुना सोबती, अजून मेंढरं राखणारा. मला बघून म्हणाला, "काय आबा, तुमच्या घरचा रेडिओ आजकाल शाळंत लावलाय म्हनं? माझा नातू सांगत हुता, बातम्या रोज सांगती. औषिद घ्या आता येळेवर, उशाला ठेवलंय!"

"तुझा नातू नीट ऐकतो का बघ," मी म्हटलं. "तुझ्या घरात तर बातम्या द्यायला बी कुनी तुला जवळ करत न्हाय." तो हसला. मी हसलो नाही.

घरी आलो. पोरगी माझ्या आधी पोचली होती, अंगणात उभी. "आबा, अण्णास्नी काय सांगायचं हाय?"

"काय न्हाय."

"कायच न्हाय?" तिला ते खरं वाटेना. तिथंच घुटमळत राहिली.

दिवे लागायच्या वेळेला पोरगा आला. शाळेतल्या बोलावण्याचं त्याला कुठून तरी कळलं असावं, कारण हातपाय न धुता त्यानं पोरीला हाक मारली. "बाय, आबास्नी सांग, मी ठरवलंय. बास झाली शाळा. शिकायचं न्हाय तर न्हाय. उद्यापास्नं शेळी राख."

ज्या शाळेसाठी माझा कळप गेला, ज्या शाळेसाठी मला माझ्या दारात अर्धामुर्धा म्हटलं, ती शाळा हा एका वाक्यात बंद करून मोकळा. मग माझी मेंढरं कशाला गेली? पोरगी अर्धीसुद्धा शिकणार नव्हती. माझ्या तोंडात शब्द आले होते, पण पोरगी समोर उभी, ओठ हलवत, ते उचलायला तयार. मी तोंड मिटलं. तिच्या हातात हे कसं देऊ?

तेवढ्यात सून बाहेर आली. शेळीपुढं वैरण टाकली आणि शेळीशीच बोलली, चांगली खणखणीत. "शेळे, तुला तरी बरं हाय बाई. तुझ्या करडाला तू दूध पाजतीस आन् सोडतीस. हितं दोन दांडगी मानसं हायती, आपलं गाठुडं लेकराच्या डोक्यावर देत्यात, आन् वर इचारत्यात, लेकरू चालत का न्हाय! त्यांस्नी लाज न्हाय, आन् मला बोलायची रीत न्हाय. बोलू कुनाला? तुलाच बोलते."

पोरगा हातपाय धुवायला गेला. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. सुनेनं माझा अपमान केला, आणि तोही रीत न मोडता. जेवलो नाही. पोरीनं दोनदा येऊन विचारलं, मी झोपल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाण्यावर गेलो नाही. दारात उभा राहिलो. आत रॉकेलची चिमणी जळत होती. पोरगा उठला, तोंड धुतलं, पोरीच्या अंथरुणापाशी वाकला आणि सवयीनं तिला हलवलं. रात्री शाळा बंद केलेली, तरी पहाटे निरोप होताच. "बाय, ऊठ. आबास्नी सांग..."

"आबा हितं हाय," मी म्हटलं. "आबाला सांग."

तो सरळ झाला. पोरगी उठून बसली, केस विस्कटलेले. आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय सांगायचंय ते बोल की," मी म्हटलं. "का तुला बी बोलता येत न्हाय?"

"वरच्या वावरात..." तो चाचरला. "वरच्या वावरात नांगर घालायचा हाय."

"घाल. आन् ऐक. पोरगी शाळंत जानार. आज, उद्या, रोज. तू कोन बंद करनारा? शाळंसाठी इकलास ना कळप? मला न इचारता, मी बावड्याला गेल्यावर, चोरावानी?"

"चोरावानी? माझं घर, मी..."

"अण्णा, आबा म्हनत्यात..." पोरगी उठत म्हणाली.

"तू गप बस, बाय," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

आणि मग आठ महिन्यांचं निघालं. अर्धामुर्धा कुणाला म्हणतोस, इथून सुरू झालं. त्यानंही कमी केलं नाही. दर दिवाळीला मी त्याला लेकरू असताना घरी टाकून कोकणात जायचो, हेही काढलं. ते मला माहीत नव्हतं, की त्याच्या ध्यानात आहे. मीही त्याच्या तोंडावर सगळं म्हटलं, एक काटा न काढता. उजाडलं, लख्ख झालं, ट्रॅक्टर तसाच उभा, आम्ही अंगणात. माझं चुकलं असं मी त्या दिवशी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. त्यानंही म्हटलं नाही.

मध्येच सुनेनं पोरीची वेणी घातली, फ्रॉक घातला, दप्तर गळ्यात अडकवलं. पोरगी अंगणाच्या कडेला येऊन थांबली. आमच्याकडं बघत होती, आमचं ओरडणं ऐकत होती. एकदा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग वळली आणि एकटीच पुलाकडं चालू लागली. मी बोलता बोलता तिच्याकडं बघत होतो. तोंड हलत नव्हतं. पूल आला, ओलांडला, मागं बघितलं नाही.

मी पोराकडं वळलो.

"आन् ती काळ्या कानाची," मी म्हटलं, "ती बी दिलीस का रं?"